बापाच्या नावाखालची जागा

बा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या गावात मोजणीवाले आले. त्यांच्याजवळ लोखंडी साखळ्या होत्या, बांबूंना बांधलेली निशाणं होती आणि तीन पायांचं एक लाकडी घोडं होतं. त्या घोड्यावर ठेवलेल्या नळीतून त्यांच्यातला एक जण डोळा मिटून आमच्या रानांकडे बघत राहायचा. आम्ही पोरं दिवसभर त्यांच्या मागं हिंडायचो. महिनाभरात बांधाबांधांवर दगड रोवले गेले आणि प्रत्येक शेताला आकडा पडला. तोवर आमच्या शेतांना नावंच होती. चिंचेचं, पांदणीचं, नदीकाठचं. आकडे पडले तरी गडीमाणसं नावांनीच बोलत राहिली, आणि आजही त्या गावात कोणी आकड्यानं शेत सांगितलं तर त्याला बाहेरचा समजतात. मोजणी आटोपली तशी अकोल्याहून ताकीद आली की प्रत्येक वतनदारानं आपल्या घराण्याचा कुर्सीनामा कचेरीत दाखल करावा.

कुर्सीनामा हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मूळ पुरुष वर मांडायचा, त्याखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे. कोणाचा वंश पुढं चालला आणि कोणाचा खुंटला हे एका लांब कागदावर दाखवायचं. पाटीलकी कोणाची आणि कोणतं शेत कोणाच्या नावानं लागायचं, हे सरकार त्या कागदावरून ठरवणार होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. लग्न ठरत आलं होतं, पण बा गेल्यामुळं ते मागं पडलं होतं.

आमचं गाव पूर्णेच्या काठी, खारपट्ट्यात. विहिरींचं पाणी असं खारं की त्यात तुरीची डाळ शिजत नसे. डाळ टाकायची असली की माय मला नदीवर पाठवायची, आणि डोक्यावरून आणलेलं ते पाणी ती फक्त वरणासाठी आणि पिण्यासाठी राखायची. रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी. कापसाच्या दिवसांत घराघरांतून रेच्यांचा आवाज यायचा. दोन लाटांच्या मधून कापूस ओढला जाई, सरकी अलीकडे पडे आणि रुई पलीकडे, आणि तो कुरकुर आवाज सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबत नसे. त्या दोन-तीन वर्षांत तो आवाज फार वाढला. कुठंतरी साता समुद्रापार लढाई चालू होती आणि तिच्यापायी आमच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता, हे मला पुष्कळ पुढं कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की ज्यांच्या बैलांच्या शिंगांना कधी रंग लागला नव्हता त्यांच्या शिंगांवर पितळी शेंब्या चमकू लागल्या, आणि आमच्या बाजूला येणाऱ्या पाहुण्यांना सुमार राहिला नाही. भाट आले, गारुडी आले, तीर्थांचे उपाध्ये आले. ज्या वर्षी भाव नसे त्या वर्षी यांतलं कोणी फिरकत नसे.

घर एक होतं, चुली दोन होत्या. आजोबा वारले तेव्हा बा आणि त्याचे थोरले भाऊ यादवराव, म्हणजे आमचे मोठे बाबा, समजुतीनं वेगळे झाले होते. पाटीलकी मोठ्या बाबांकडे, चिंचेचं आणि पांदणीचं रान त्यांचं, नदीकाठचं आमचं. त्याचा कागद कोणी केला नव्हता. भावाभावांत कागद करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं तेव्हा मानत. मोठ्या बाबांना दोन मुलगे आणि तीन मुली. धाकटी ठकी माझ्याच वयाची, आणि दिवसातला निम्मा वेळ ती आमच्या चुलीशी नाहीतर मी त्यांच्या चुलीशी असायचे. बा गेल्यावर मायनं सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, हाताशी धरून नदीकाठचं रान स्वतः केलं. मोठे बाबा अकोटच्या बाजाराहून आले की ठकीला आणि मला सारखीच जिलेबी देत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं ते वाचून कोणी त्यांना वाईट म्हणू नये.

कुर्सीनाम्यासाठी घराण्याचे कागद काढायचे ठरले. मोठ्या बाबांच्या कोठीत एक महजर, म्हणजे वतनाच्या हक्काचा जुना निवाडा, होता. दर दसऱ्याला हळदकुंकू लावून लावून त्याचा वरचा भाग पिवळा झाला होता. त्यावर कोणा नवाबाचा शिक्का होता आणि अर्धं लिखाण फारशीत होतं. त्यातून मूळ पुरुषाचं नाव तेवढं मिळालं. गावच्या पांड्याच्या दफ्तरात, म्हणजे गावच्या हिशेबनिसाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बस्त्यांत, पाहिलं तर निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. तिथं आजोबांच्या मागं काही जाता येईना. मधल्या पाच पिढ्या कुठून आणायच्या, तर घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या भाटाच्या वहीतून. म्हणून सगळे भाटाची वाट पाहू लागले.

आता माझ्या भाच्याचा नातू अमरावतीला वकिली करतो. मागल्या महिन्यात तो मला विचारत होता, आजी, आपल्या घराण्याची माहिती कोणत्या पुस्तकांत मिळेल? मी त्याला म्हटलं, सरकारच्या दप्तरात तुला शेत मिळेल, पांड्याकडं आकडे मिळतील, भाटाकडं पुरुष मिळतील. आणि बाकीची माणसं, म्हणून त्यानं विचारलं. त्याचं उत्तर म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

भाटबाबा माघात आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावर कांबळ्यात गुंडाळलेली वही. ती वही पुस्तकासारखी आडवी उघडत नसे, पान वर उलटावं लागे, आणि तिला तांबड्या कापडाचं वेष्टन होतं. त्यांचं जेवण मोठ्या मायनं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोनं केलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले पानगे, वांग्याची भाजी, नदीच्या पाण्यात शिजवलेलं वरण आणि त्यावर तुपाची धार. जेवण झाल्यावर ओसरीत घोंगडी अंथरली. पांड्येआबा दौत आणि कागद घेऊन एका बाजूला बसले. गावातले पाच-सात वडीलधारे आले. भाटबाबांनी उभं राहून आधी घराण्याचं गुणगान केलं आणि मग बसून, बोट ठेवत, वाचायला सुरुवात केली. एकेक नाव आलं की पांड्येआबा ते आपल्या कागदावर उतरवून घेत. कोणी दुष्काळात माळव्याकडं गेला, कोणी पेंढाऱ्यांच्या हाताला लागला, कोणी विहीर बांधली. मला ते ऐकायला फार गोड लागलं. मी दाराच्या उंबऱ्याशी उभी होते आणि माझ्यामागं दाराआड माय बसली होती.

वाचत वाचत ते आजोबांपर्यंत आले. आजोबांचे मुलगे दोन, थोरले यादवराव, धाकटे तुळशीराम. यादवरावांच्या खाली त्यांच्या दोघा मुलांची नावं भाटबाबांनी वहीत नव्यानं चढवली. मग त्यांनी बोरू दौतीत बुडवला आणि विचारलं, तुळशीरामाच्या पुढं काय टाकू?

मोठे बाबा सरळ आवाजात म्हणाले, "लावल्द टाका."

मायनं माझं लुगडं मागून ओढलं. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, ती कधी बोलत नसे. हळूच म्हणाली, लावल्द म्हणजे काय ते विचार. मी विचारलं. भाटबाबांनी सांगितलं की तो मुसलमानी शब्द आहे, सरकारी कागदांत तोच चालतो, आणि त्याचा अर्थ बिनलेकराचा.

माय उठली. पदर पुढं ओढून ती दारात येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. तिचा आवाज साधा होता.

"पोट्टी तुमच्यापुढं उभी हाये, भाटबाबा. मंग तिचा बाप बिनलेकराचा कसा?"

पांड्येआबा खोकले. मोठे बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरीले कोन नाही म्हनते? पन वहीत पोरी नसतात. रीत हाये ते."

भाटबाबांनीही तेच सांगितलं, पण हळुवारपणे. म्हणाले, बाई, मी आत्ता सात पिढ्या वाचल्या, त्यात तुम्ही एक तरी लेक ऐकली काय? लेक ज्या घरी जाते तिथल्या वहीतही तिचं नाव येत नाही, तिच्या मुलाचं येतं. माझ्या वहीत माझी मायसुद्धा नाही.

"मंग तिचं नाव नका लिहू," माय म्हणाली. "पन खोटंबी नका लिहू. जागा कोरी ठेवा."

भाटबाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मोठ्या बाबांकडे. बोरूवरची शाई त्यांनी दौतीच्या काठाला पुसली आणि बोरू खाली ठेवला. कोऱ्या जागेचं पाप लागत नाही, एवढंच ते पुटपुटले. त्यांनी वही मिटली.

पण पांड्येआबांचा कागद कोरा राहिला नाही. सरकारी कागदात रिकामी जागा चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बाच्या नावाखाली एक आडवी रेघ ओढली आणि लावल्द लिहिलं. तो कागद चार दिवसांनी अकोल्याला गेला.

त्याचा अर्थ काय हे मायला सालदारानं उलगडून सांगितलं. बाचा वंश खुंटला, वाटणीचा कागद नाही, म्हणजे नदीकाठचं रान नव्या खात्यात मोठ्या बाबांच्या नावानं लागणार आणि आम्ही दोघी त्यांच्या चुलीवर जेवणार. मोठ्या बाबांच्या मनात काय होतं ते मोठ्या मायनं येऊन सांगितलं. रान पोरीसंगं दुसऱ्या गावाला जाऊ नये, घराण्यात राहावं, आणि गोदीचं, म्हणजे माझं, लग्न ते स्वतः थाटात लावून देणार होते. त्यांनी ते लावलंही असतं. माझ्या मनात याबद्दल आज काही शंका नाही. तेव्हा मात्र मला एवढंच समजत होतं की माझ्या बापाच्या नावाखाली ओढलेली ती रेघ माझ्यावरून गेली आहे. माय रडली नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी वेचणीला गेली, संध्याकाळी ओटीतला कापूस ओतून टाकला आणि माणिकमामाला निरोप पाठवला.

माणिकमामा मायचा धाकटा भाऊ, चांदुराकडचा. आता त्या चांदुराला चांदूर रेल्वे म्हणतात, तेव्हा तिथं रेल्वे नव्हती. मामा आठव्या दिवशी आला. बोलण्यात मंद, पण डोक्यात काही शिरलं की ते सोडायचा नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, भाऊजींनी कुठं काही लिहून ठेवलं होतं काय? माय म्हणाली, त्यांना लिहिता कुठं येत होतं. मग थोड्या वेळानं भाकर थापता थापता ती थांबली आणि म्हणाली, मामंजींच्या अस्थी घेऊन ते नाशकाले गेले होते, तिथं उपाध्ये नावं लिहून घेतात म्हणे. मामा हसला. त्या साली कापसाच्या पैशानं ओढलेला नाशिकचा एक उपाध्या अमरावतीला अंबादेवीजवळच्या धर्मशाळेत उतरला होता, बैलावर वह्या लादून. मामानं त्याला बाजारात पाहिलं होतं.

आमचा कापूस आणि आम्ही दोघी अशी गाडी अमरावतीला निघाली. मोठ्या बाबांना मायनं सांगून पाठवलं की ती भावाबरोबर कापूस विकायला जात आहे. ते खोटं नव्हतं. अमरावतीचा दगडी परकोट मी पहिल्यांदा पाहिला. वेशीबाहेर गाड्यांची अशी दाटी होती की आम्हाला आत शिरायला दुपार झाली. सगळीकडे रुई उडत होती, लोकांच्या भिवयांवर, बैलांच्या पाठीवर, हलवायाच्या परातीतल्या पेढ्यांवर. मामानं कापसाचा व्यवहार केला आणि आम्हाला शेव-चिवडा घेऊन दिला. तसा चिवडा मी त्याआधी खाल्ला नव्हता. पण मायनं आपला वाटा तसाच पदराला बांधून ठेवला.

उपाध्ये बारीक अंगाचे, नाकावर ऐनक, बोलताना धाप लागणारे. त्यांनी मायला पाट दिला, गाव विचारलं, परगणा विचारला, आडनाव विचारलं, आणि मग वीस-पंचवीस वह्यांच्या ढिगातून नेमकी एक ओढून काढली. पानं उलटत ते आमच्या गावापर्यंत आले. मामानं बाचं नाव सांगितलं. उपाध्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि ते वाचू लागले. तुळशीराम वल्द नारायण पाटील, बापाच्या अस्थी घेऊन आले. चूल वेगळी करून राहतात. कुटुंब सगुणाबाई. कन्या एक, गोदा, महिन्याची.

मायनं तोंडावर पदर दाबला. उपाध्ये थांबले. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण बा गेला त्या दिवसानंतर तिला रडताना मी पाहिलंच नव्हतं. मग तिनं मला जे सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. बा नाशिकला गेला तेव्हा माझं बारसं झालेलं नव्हतं. घरात सुतक, त्यामुळं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. उपाध्यांनी विचारलं असेल, मुलीचं नाव काय, आणि नाव नाही असं सांगायला बाला लाज वाटली असेल. पुढ्यात नदी होती. तिचंच नाव त्यानं सांगून टाकलं आणि घरी येऊन म्हणाला, पोरीचं नाव ठेवून आलो. आत्यानं पाळण्याशी पुढं तेच नाव घेतलं.

त्या ओळींच्या खाली नांगर काढलेला होता. पाटलांना लिहिता येत नसे. कागदाखाली नांगराची आकृती काढली की ती त्यांची सही. मायनं विचारलं, हात लावू काय? उपाध्यांनी वही तिच्याकडे सरकवली. तिनं त्या नांगरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हा त्यांचाच, यांचा फाळ डावीकडे असायचा.

वही उपाध्ये हातची सोडणार नव्हते, आणि नकलेवर कचेरी विश्वास ठेवणार नव्हती. पण त्यांना तसंही अकोल्याकडच्या यजमानांकडे जायचं होतं. मामानं त्यांना आमच्याच गाडीत घेतलं. तीन दिवसांची वाट. रस्त्याला लागून कुठं कुठं आगगाडीचा भराव घालणं चाललं होतं, शेकडो माणसं टोपल्या वाहत होती, आणि उपाध्ये त्यांच्याकडे पाहून म्हणत, गाडी झाली की आमच्याकडे यजमान स्वतः येतील, मग आम्हाला बैल नको. मुक्कामाला माय भाकरी टाकायची आणि उपाध्ये स्वतःचं वेगळं शिजवायचे. वह्यांचं गाठोडं ते उशाला घेऊन झोपायचे.

अकोल्याला कचेरीत आमची हकीकत ऐकून शिरस्तेदारांनी, म्हणजे तिथल्या मुख्य कारकुनांनी, मोठ्या बाबांना आणि पांड्येआबांना बोलावणं धाडलं. ते दोघं तिसऱ्या दिवशी आले. मोठ्या बाबांनी आम्हाला तिथं पाहिलं. मामाला रामराम केला आणि खाली बसले. मला वाटलं होतं साहेब असेल, पण साहेब दौऱ्यावर होता. शिरस्तेदार वयस्क होते, हळू बोलत. त्यांनी आधी मला पुढं बोलावून माझं आणि माझ्या बापाचं नाव विचारलं. मग उपाध्यांकडून त्या ओळी वाचून घेतल्या, चूल वेगळी, कुटुंब, कन्या, इथपर्यंत. पांड्येआबा म्हणाले, तीर्थातल्या वहीत कोणीही काहीही लिहील, त्याला आधार काय. शिरस्तेदारांनी वही उचलून मोठ्या बाबांसमोर धरली आणि खालच्या नांगरावर बोट ठेवलं.

"पाटील, हा तुमच्या भावाचा नांगर आहे का?"

तो क्षण मला आजही तसाच दिसतो. मोठे बाबा मान खाली घालून बघत होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर दुसरा कोणी साक्षीदार नव्हता. नांगरासारखा नांगर, कोणाचाही असू शकतो. मायनं मान वळवली होती, तिला ते बघवत नव्हतं. बाहेर कोणी तरी घोड्याला पाणी दाखवत होतं त्याचा आवाज येत होता.

"हाव," मोठे बाबा म्हणाले. "तुळशीचाच हाये. डावरा होता तो. नांगर काढाले म्याच शिकवलं त्याले, पन फाळ काही सरळ धरला नाही त्यानं."

शिरस्तेदारांनी पुढं फार विचारलं नाही. वाटणी झाली होती का, एवढं विचारलं, आणि मोठ्या बाबांनी त्यालाही हो म्हटलं. पांड्येआबांच्या कागदावरचा तो शब्द खोडला गेला, शेजारी शिरस्तेदारांची सही झाली, आणि रेघेच्या जागी दोन ओळी लिहिल्या गेल्या. विधवा सगुणाबाई, कन्या गोदाबाई. पाटीलकी मोठ्या बाबांकडेच राहिली, आणि नदीकाठचं रान मायच्या नावानं लागलं. पुढं लढाई थांबली, भाव पडले, कित्येकांच्या बैलांच्या शेंब्या विकल्या गेल्या. मायनं ते रान विकलं नाही, ती जाईपर्यंत केलं. माझे यजमान अमरावतीला शाळामास्तर होते. दोन मुलं झाल्यावर त्यांनी मला अक्षरं शिकवली, तेव्हा मी पहिल्यांदा त्या कुर्सीनाम्याची नक्कल कचेरीतून मागवून स्वतः वाचली. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

कचेरीतून बाहेर आलो तेव्हा दुपार टळली होती. आवारातल्या कडुनिंबाखाली मामानं बैलांना कडबा टाकला. मायनं शिदोरी सोडली. मोठे बाबा जरा लांब जाऊन एकटेच बसले होते. मामानं मला भाकरी देऊन त्यांच्याकडे पाठवलं, ती त्यांनी घेतली पण खाल्ली नाही. थोड्या वेळानं ते उठले, उपाध्यांजवळ आले आणि त्यांनी विचारलं, त्या वहीत माझ्या भावानं माझं नाव सांगितलं होतं काय? उपाध्ये म्हणाले, सांगितलं असेल, पुढं काही ओळी आहेत, त्या वाचायच्या राहून गेल्या. त्यांनी ऐनक चढवली, वही उघडली, आणि वाचलं. वडील बंधू यादवराव, बापाच्या जागी.

मोठे बाबा वाकून त्या ओळीकडे बघू लागले. म्हणाले, नाशकाले चाल म्हनून लय मागं लागला होता माह्या. पेरनीचे दिवस होते, मी नाही गेलो. मग खाली बसून त्यांनी उपाध्यांना विचारलं, आता माह्या लेकरांची नावं लिहिता काय? उपाध्यांनी दौत काढली. मोठ्या बाबांनी दोघा मुलांची नावं सांगितली. उपाध्ये शाई वाळायची वाट पाहत होते. मोठे बाबा म्हणाले, लेकीबी लिहा. तीन हायेत. पहिली सरस्वती. दुसरी पार्वती. तिसरीपाशी ते अडले. घरात दारात तिला सगळे ठकीच म्हणत, आणि ठकी हे काही वहीत घालायचं नाव नव्हे. त्यांनी कपाळावरून हात फिरवला, मामाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग कधी नव्हे ते सरळ मायकडे वळून म्हणाले,

"ठकीचं पाळन्यातलं नाव काय होतं?"

"रुखमा," माय म्हणाली. "मामीजींच्या मायचं, तुमच्या आजीचं नाव. तुमीच ठेवा म्हटलं होतं."

"हाव. रुखमा," ते उपाध्यांना म्हणाले, आणि लिहून होईपर्यंत बोरूकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली आपला नांगर काढला.

गावी पोचलो तेव्हा ठकी पांदणीपर्यंत पळत आली होती. बाकीचं सगळं मागं ठेवून मी तिला आधी तेच सांगितलं, की तुझं नाव नाशिकच्या वहीत लिहिलंय, रुखमा म्हणून. ती गाडीच्या चाकाबरोबर चालत होती, ती थांबलीच. आपलं असं नाव आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर आठ दिवस तिला कोणी ठकी म्हणून हाक मारली की ती ओ देत नसे.